तिसऱ्या थरातला पांढरा दगड

"बस इथे. काय म्हणतोय गुडघा?"

नेटानं आडव्या पडलेल्या खोडावरचं शेवाळ हातानंच पुसलं, मला बसवलं आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं. "एक तास वीस मिनिटं. आणि तो नाटकवाला लॅकलन म्हणतो, तिथवर माणूस जाऊच शकत नाही. कुठे बसून कळलं त्याला? एडिंबरात, कॉफी पीत!"

किल्डर्न गाव केव्हाच खाली राहिलं होतं. जंगलखात्याचा खडीचा रस्ताही संपला होता. आता स्प्रूसच्या झाडांच्या लागवडीतून, पाण्यानं भरलेल्या चरांना वळसे घालत, वर ओसाड बालनेवनला जायचं होतं. चिलटांनी कान खाऊन टाकले होते. नेटानं मला सोबत म्हणून आणलं नव्हतं, सोबतीची तिला कधी गरज पडली नाही. तिला माझा गुडघा हवा होता. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला, आणि कॅनडाहून येणाऱ्या मिस्टर रँकिनांचाही उजवाच बदललेला आहे. जिथवर माझा जाईल तिथवर त्यांचाही जाईल, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"ते ऐंशीचे आहेत, नेटा. मी बासष्टची."

"ते जन्मभर जंगलात झाडं तोडत होते. तू पोस्टात खुर्चीवर बसून होतीस. झाली बरोबरी. पी चहा."

तिच्या फ्लास्कमधला चहा नेहमीसारखा कडू होता. ती स्वतः बसली नाही. चिडलेली असली की ती बसत नाही, आणि गेले तीन महिने ती बसलेली मी पाहिलीच नव्हती.

नेटा गिलख्रिस्ट बाहत्तर वर्षांची आहे. गावच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं मुलांना रांधून वाढलं. आज टक्कल पडलेले बाप्येसुद्धा दुकानात ती दिसली की ताटात काही टाकलं नाही ना, अशा चेहऱ्यानं सरळ उभे राहतात. लग्न केलं नाही. रविवारी चर्चमधली तिसरी रांग, बुधवारी नाटकमंडळाची तालीम, आणि उरलेले दिवस जगात काय काय चुकतंय ते बघायला. मंडळात तिचं काम पडद्याआडून संवाद पुरवण्याचं. पन्नास वर्षांत तिनं भूमिका केल्या त्या तीन-चार, सगळ्या खाष्ट घरमालकिणींच्या. पण वही मांडीवर घेऊन विंगेत बसावं ते नेटानंच. कुणी 'आणि'च्या जागी 'पण' म्हटलं तरी मध्यंतरात त्याला गाठणार. "लेखकानं काय लिहिलंय? मग? तू लेखकाच्या वरचा?" तिची ही खोड शेवटी तिच्याच गळ्याशी आली.

तिचे वडील ह्यू गिलख्रिस्ट दगडी कुंपणं रचायचे. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, मध्ये बारीक चिपांची भर, आणि ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड. हातात घेतलेला दगड ते पुन्हा खाली ठेवत नसत. भिंतीत त्याची जागा सापडेपर्यंत हातात धरून उभे राहत. बोलणं जवळजवळ नाहीच. पण प्रत्येक भिंतीत, जमिनीपासून तिसऱ्या थराला, डाव्या टोकाशी, एक पांढरीशुभ्र गारगोटी बसवलेली असायची. या खोऱ्यात कुठल्याही शेताच्या कडेला वाकून बघा, पांढरा दगड दिसला की समजा, ह्यू इथे होते.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मंडळानं उघड्यावर नाटक करायचं ठरवलं. विषय बालनेवनचा. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदाराला माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटल्या, तेव्हा बालनेवनची छपरं पेटवून दिली आणि सतरा कुटुंबं बोटीत बसवून समुद्रापार लावून दिली, ती हकिकत. नाटकाला जळकं घर हवं होतं. रंगवलेलं कापड वाऱ्यात फडफडून फाटलं, म्हणून ह्यूंना सांगितलं, चार भिंती रचून द्या, छातीएवढ्या. कुठे? तर खाली सरोवराकाठी, रस्त्याला लागून, म्हणजे प्रेक्षकांना चालायला नको. खरं बालनेवन वर तीन मैलांवर. तिथे कोण चढणार?

ह्यूंनी नऊ दिवसांत घर उभं केलं. दगड शेजारच्या मोडक्या मेंढवाड्यातून उचलले. नेटा तेव्हा सहा वर्षांची. रोज दुपारी ओटकेक आणि चीज फडक्यात बांधून ती बाबांकडे जायची. दाराच्या डाव्या हाताला तिसऱ्या थराशी काम आलं आणि पांढरा दगड सापडेना. "जा, ओढ्यात बघ," बाबा म्हणाले. ती बुटांसकट पाण्यात उतरली आणि फ्रॉकच्या ओच्यात घालून दगड घेऊन आली. आईनं भिजलेल्या बुटांवरून फैलावर घेतलं. पण दगड बसला, अगदी चपखल. बाबांनी त्यावर एकदा तळहात थोपटला आणि मग तोच हात तिच्या डोक्यावर. ह्यूंच्या हिशेबात ते लांबलचक भाषण होतं.

नाटकाचा एक प्रयोग झाला. दुसऱ्याला असा पाऊस आला की जमीनदाराची भूमिका करणारे मास्तर चिखलात बसले आणि मंडळानं गाशा गुंडाळला. घर पाडायचं ठरलं तेव्हा ह्यू म्हणाले, "रचायला सांगितलंत, रचलं. मोडायला दुसरा बघा." दुसरा कुणी बघितला नाही.

मग घर जुनं व्हायला लागलं. दहा वर्षांत शेवाळ चढलं. वीस वर्षांत एक कोपरा ढासळला. तो ट्रॅक्टर धडकून, आपोआप नव्हे, हे नेटा आजही बजावून सांगते. वर खऱ्या बालनेवनवर तोवर जंगलखात्यानं नांगर फिरवून स्प्रूस लावले, अंधार झाला, कुणाचं जाणं उरलं नाही. ज्यांना नाटक आठवत होतं ते एकेक करून चर्चच्या आवारात जाऊन निजले. ह्यूसुद्धा. मग एक दिवस रस्त्याकडेला तपकिरी पाटी लागली: 'बालनेवनचे जळलेले घर'. पाटीसमोर आर्ची टॉशचं चहाचं दुकान. गावच्या वारसा समितीचा अध्यक्षही आर्चीच.

पाटी लागल्यावर माणसं यायला लागली. कॅनडाहून, अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून. ज्यांचे खापरपणजे बोटीत बसून गेले ते आपापल्या माणसांच्या नावानं भिंतीवर एक दगड ठेवून जायचे. नेटाला याचा कोण जाच! "असा ठेवतात का दगड? टोकावर? लहान पोर चढलं तर डोक्यात पडेल." दर महिन्याला ती जाऊन ते दगड नीट बसवून यायची. पुढे विद्यापीठातून कुणी विद्वान आले, दाराजवळची गारगोटी त्यांना दिसली, आणि पाटीवर मजकूर वाढला: या पांढऱ्या दगडामुळे दुष्ट शक्ती घरात शिरत नाहीत, अशी तेव्हाच्या लोकांची श्रद्धा होती.

"दुष्ट शक्ती!" नेटा पोस्टात येऊन माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाली होती. "ती दुष्ट शक्ती म्हणजे मी. भिजलेल्या बुटांची!"

त्याच आठवड्यात ती समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

"नेटा," आर्ची समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू तेव्हा सहा वर्षांची. सहाव्या वर्षी मला वाटायचं, आमची गाय माझ्याशी बोलते."

"बोलतही असेल. तुमच्या घरात कुणीतरी अकलेचं बोलायला हवंच होतं."

"तुझ्या वडिलांनी जुन्या घराची डागडुजी केली असेल. तुला आठवणीत ते नवं वाटतंय."

"तिथे गवत होतं, आर्ची. गवत आणि तुझ्या आजोबांची एक शेळी."

"काही कागद आहे?"

कागद नव्हता. मंडळाची जुनी दप्तरं गावच्या सभागृहात पुराचं पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेली. आर्चीनं हात पसरले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि बैठक पुढच्या विषयावर गेली: शौचालयाचं दार.

एवढ्यावर नेटा गप्प बसणारी नव्हे. ती गप्प बसली ती मिस्टर रँकिनांमुळे. बारा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले. उंच, वाकलेले, टोपी हातात धरलेली. नेटा त्या दिवशी दगड सारखे करायला गेली होती. त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि आवाज न करता रडायला लागले. म्हणाले, माझ्या आजोबांचे आजोबा या घरातून निघाले. नेटाच्या ओठांवर आलं होतं, साहेब, हे घर नाटकाचं आहे. पण तिनं त्यांना घरी नेलं आणि गरम स्कोन वाढले. त्यानंतर ते दर उन्हाळ्यात येत राहिले. नाताळाला पत्र. त्यांच्या बायकोच्या मरणाची बातमी गावात सगळ्यांत आधी नेटाला कळली.

"त्याच दिवशी बोलायला हवं होतं," ती मला म्हणायची. "आता बारा वर्षांचं खोटं झालंय, आणि त्यात माझ्या स्कोनांचाही हात आहे."

हे असं चाललेलं असताना गेल्या हिवाळ्यात लॅकलन प्रिंगल आला. एडिंबरातल्या एका नाटकमंडळीचा दिग्दर्शक, वय चौतीस, कमरेला नवाकोरा चौकटीचा किल्ट आणि पायात डोंगर चढायचे बूट. चर्चमागच्या खोलीत त्यानं गावाला बोलावलं. म्हणाला, या देशानं स्वतःबद्दल एवढ्या गोष्टी रचल्यात, की बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र कुठलं आणि आपण कुठले, हेच उमगेनासं झालंय. घराण्यांची म्हणून जी चौकटीची कापडं आपण मिरवतो, त्यातली कितीतरी दुकानदारांनी ठरवलेली. मला हे सगळं सोलून काढायचंय. आतलं खरं काय ते शोधायचंय.

नेटाला वाटलं, देवानं धाडला एकदाचा. तिनं त्याला घरी बोलावलं, दाटसर सूप केलं, आणि दोन तास सगळी हकिकत सांगितली. मेंढवाडा, ओढा, बूट, बाबांचा तळहात. लॅकलननं सगळं ध्वनिमुद्रित केलं आणि शेवटी चष्मा काढून डोळे पुसले.

"मला एकच हवंय," नेटा म्हणाली. "बाबांचं नाव घे. ह्यू गिलख्रिस्टनं भिंत रचली, एवढं एक वाक्य."

"अगदी नक्की," लॅकलन म्हणाला.

वसंतात संहिता आली. नेटानं ती स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभ्यानं वाचली आणि तशीच पोस्टात आली. माझ्यासमोर पानं टाकली. "वाच. बाविसावं पान."

बाविसाव्या पानावर एक विधवा होती, दोनशे वर्षांपूर्वीची, पेटलेल्या घरासमोर उभी. ती म्हणत होती, हा पांढरा दगड माझ्या लेकीनं आणला, ओढ्यातून, ओच्यात घालून, बुटांसकट पाण्यात शिरून. तिसऱ्या थराला तिच्या बापानं बसवला आणि त्यावर एकदा तळहात थोपटला. ह्यू गिलख्रिस्टचं नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही नव्हतं. आणि विधवेच्या भूमिकेसमोर पेन्सिलीनं लिहिलं होतं: नेटा.

तिनं लॅकलनला पहिल्याच तालमीत धरलं. त्या दिवशी मी चहा द्यायला तिथे होते.

"हे माझं आहे."

"अर्थात तुमचं! म्हणून तर इतकं खरं वाटतं."

"वाटत नाही, आहे. पण सत्तावन्न सालचं."

"नेटा, साल महत्त्वाचं नाही. त्यामागची भावना..."

"मला साल महत्त्वाचं आहे. माझा बाप त्या सालात होता."

लॅकलन तिच्याकडे वाकला, आजारी माणसाकडे वाकावं तसा. "मला सांगा, त्या मेंढवाड्यात दगड कुठून आले होते?"

"बालनेवनच्या घरांचेच असणार. माणसं घालवल्यावर जमीनदारानं घरं पाडून मेंढवाडे बांधले. सगळीकडे तसंच केलं."

लॅकलन ताडकन सरळ झाला. "ऐकलंत? म्हणजे ते घर खोटंही आहे आणि खरंही! एकाच वेळी! हेच तर आपलं नाटक!" सगळ्या तरुण नटांनी वा वा केलं. एका मुलीनं वहीत लिहून घेतलं.

"दगड बालनेवनचे आहेत," नेटा म्हणाली. "घर ह्यू गिलख्रिस्टचं आहे. यात नाचण्यासारखं काय आहे?"

पण ते सगळे नाचतच होते. आणि त्यानंतर तिचे जे हाल सुरू झाले त्यांना पार नव्हता. लॅकलन म्हणाला, विधवा अनवाणी हवी. नेटा म्हणाली, माझ्या पणजीकडे बूट होते, इथे अनवाणी चाललं तर पाय गळून पडतात. तो म्हणाला, अनवाणी पाय प्रेक्षकांना खरे वाटतात. मग म्हणाला, काही ओळी गेलिकमध्ये म्हणा, तुमच्या मातीच्या भाषेत. नेटाला गेलिक येते ती चर्चमधल्या स्तोत्रांपुरती आणि आजी कोंबड्यांना हाकलायची तेवढी. आजीनं पुढे शिकवलीच नाही, शाळेत मार बसायचा म्हणून. यावर उपाय म्हणून ग्लासगोहून एक चुणचुणीत मुलगी आली. "माझ्या आजीचा उच्चार मला शिकवायला ग्लासगोची पोरगी!" नेटा म्हणायची. "बरं, पोरगी गुणाची आहे, तिला काही बोलायची सोय नाही. आजी असती तर कोंबड्यांबरोबर हिलाही हाकललं असतं."

"मग सोड ना," मी म्हटलं. "दे भूमिका परत."

"आणि? एडिंबरातली कुणी बाई उभी राहून माझ्या बाबांचा तळहात थोपटणार? नको."

"मग ती ओळ बदल. प्रयोगात नाव घेऊन टाक. कोण अडवणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमधली घंटा चोरायला सांगितलं. पन्नास वर्षं तिनं लोकांना एका अक्षरासाठी छळलं होतं. लिहिलंय ते बोलायचं. ते वाईट असलं तरी बोलायचं. तुम्हाला आवडलं नाही तर घरी जाऊन स्वतःचं लिहा. हे तिचंच वाक्य. आता ते तिलाच लागू होतं आणि तिला त्यातून सुटका नव्हती.

तरीही तिनं ते निभावून नेलं असतं. चिडचिड करत, सगळ्यांना बोल लावत, पण निभावलं असतं. मागच्या सोमवारी मिस्टर रँकिनांचं पत्र आलं. प्रयोग शनिवारी दुपारी तीनला, सरोवराकाठी, त्याच भिंतींपुढे. आर्चीनं त्यांना आमंत्रण धाडलं होतं. ते नातीला घेऊन येणार होते आणि पहिल्या रांगेत बसणार होते. पत्रात शेवटी लिहिलं होतं, डॉक्टरांनी विमानप्रवास बंद करायला सांगितलाय, तेव्हा हे शेवटचंच. तुम्ही माझ्या माणसांची भूमिका करणार हे ऐकून मला फार बरं वाटलं.

"समजलं का तुला?" नेटा म्हणाली. "मी त्यांच्या तोंडावर, पाठ केलेलं, रडून दाखवणार. ते माझ्या दगडाला हात लावून रडणार. आणि मग ते घरी जाऊन मरणार. मला देवासमोर उभं राहायचंय गं कधीतरी."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तुझा गुडघा कसा आहे?

आम्ही पुन्हा चालायला लागलो. चढ फारसा नव्हता, पण जमीन पाय ओढून धरत होती. नेटा पुढे, हातात काठी, काठीनं खड्डे चाचपत. "डावीकडून. इथे नको, बुडशील. इथून तर त्यांना नातीनं हात दिला की झालं." मध्येच थांबून ती फांदीला लाल लोकरीचा धागा बांधायची. परत येताना वाट चुकू नये म्हणून नव्हे. रविवारसाठी.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळी वादळानं डोंगराच्या कुशीतले स्प्रूस आडवे केले होते. तिथे पोचलो आणि एकदम आकाश दिसलं. पडलेल्या झाडांच्या मुळांखाली, आणि मुळांच्या मधून, भिंती होत्या. भिंती कसल्या, दगडांच्या ओळी, पोटरीएवढ्या. एक, दोन, मोजत सात घरं सापडली. जिथे जिथे घर, तिथे नेटलच्या खाजऱ्या झुडपांचं रान माजलेलं. माणसं राहिलेल्या जागी ते उगवतंच, राख आणि उष्टंखरकटं दोनशे वर्षं जमिनीत राहतं. एका घराच्या मधोमध चुलीचा सपाट दगड होता, अजून काळा. दाराशी रोवनचं एक म्हातारं झाड, अर्धं वाळलेलं, अर्ध्यावर फळं.

मी हात जोडले. मला दुसरं काही सुचलं नाही.

"कुणाला?" नेटानं विचारलं.

"जे होते त्यांना."

डोक्यावरची लोकरीची टोपी काढून तिनं खिशात घातली. मग सवयीनं वाकून दाराच्या डाव्या हाताला बघितलं. तिसरा थर कुठेच उरला नव्हता. दोनच थर होते. एक सुटा दगड मातीत पडला होता तो तिनं उचलला. उचलल्यावर खाली ठेवणं तिच्यानं होईना. दगड हातात धरून ती भिंतीच्या कडेनं पुढे गेली, मागे आली, एका खाचेत त्याचा एक कोपरा घालून बघितला, फिरवला, आणि बसवला. तळहातानं थोपटला. दगड हलला नाही.

"किती वाजले?" तिनं स्वतःलाच विचारलं आणि घड्याळ बघितलं. "दोन तास दहा मिनिटं, तुझ्या बसण्यासकट. तुझा गुडघा?"

"दुखतोय. पण आला."

"मग तेही येतील." ती पहिल्यांदाच बसली, चुलीच्या दगडाच्या शेजारी, त्याला पाय न लागू देता. खालून कुठूनतरी लाकूड कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. तिनं पिशवीतून स्कोन काढला, दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. कधी नव्हे ते.

"हे बघ," ती म्हणाली. "शनिवारी मी सगळं बोलणार आहे, जसं लिहिलंय तसं. अनवाणी. एक अक्षर बदलणार नाही, लॅकलनला मी तोंडच ठेवणार नाही बोलायला. पण नाटक संपलं की तो खुर्ची घेऊन बसणार आणि प्रेक्षकांना म्हणणार, विचारा काही विचारायचं असेल तर. तिथे संहिता नाही. तिथे मी मोकळी आहे."

"मग बोल की तेव्हा."

"आपण होऊन बोलले तर म्हणतील, म्हातारी अजून भूमिकेत आहे. टाळ्या वाजवतील. आर्ची सगळ्यांत आधी वाजवेल. गावातलं दुसरं कुणी विचारणार नाही, सगळ्यांना पाटी हवीय. तू विचार. तीस वर्षं सगळ्यांची पत्रं तुझ्या हातातून गेलीत. तू उभी राहिलीस की गाव आपोआप गप्प बसतं, हिला काय काय माहीत असेल म्हणून."

मी हसले. ती हसली नाही.

"एकच प्रश्न. 'ही भिंत कुणी रचली?' बास. नाव मी सांगेन. दगड कुणी आणला तेही मी सांगेन. आणि मग खाली उतरून मिस्टर रँकिनांपुढे जाऊन सांगेन, की उद्या चर्च सुटल्यावर चांगले बूट घालून तयार राहा, आपल्याला लांब जायचंय. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं तर टाकू देत. वर आणेन आणि मग टाकू देत." तिनं हातावरचा चुरा झटकला. "विचारशील ना? आणि मोठ्यानं विचार, मागच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे. आणि हे बघ, सांगितलंय तसंच विचार. शब्द बदलू नकोस."